कानटोपीच्या बाजूने

गरजूंसाठी विणकाम या प्रकाराला माझा अनेक वर्षं विरोध होता, आणि तो विणता न येणाऱ्या माणसाचा विरोध नव्हता. मी शाळकरी वयापासून विणते आहे. मोठ्या माणसाचा एक स्वेटर हातावेगळा व्हायला किती संध्याकाळी जातात, नवशिक्याचा टाका कुठे घट्ट आणि कुठे ढगळ पडतो, बाही बोटभर आखूड झाली की तो स्वेटर कसा कपाटात पडून राहतो, हे सगळं मला पाठ आहे. म्हणून कोणी ‘चला, गरिबांसाठी विणू या’ म्हटलं की मला वाटे, ही विणणाऱ्यांची हौस आहे. ज्याला थंडी वाजते तो बाजूलाच राहतो. लोकरीच्या पैशात तयार ब्लँकेट येतं, ते घ्यावं आणि देऊन मोकळं व्हावं. लखनौत राहून माझं हे मत बदललं. सगळं नाही बदललं. जेवढं बदललं ते कशामुळे, तेवढं सांगते.

माझ्या विरोधाची मुळं घरातच होती. १९६२च्या युद्धात हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, तेव्हा देशभरच्या बायका सुया घेऊन बसल्या. माझी आईही त्यांत होती. तिने विणलेला स्वेटर कोणाच्या अंगावर गेला, त्याला तो झाला का, की कुठल्या गोदामातच राहिला, हे तिला कधीच कळलं नाही. ‘विणताना बरं वाटलं,’ एवढंच ती म्हणायची. मला ते खटकायचं. बरं नक्की कोणाला वाटायला हवं?

पुढे ३१ जानेवारी २०१६ला चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट पसरून गिनेस विक्रम केला. सुभाश्री नटराजन यांनी जमवलेल्या देश-परदेशातल्या बायकांनी त्याचे तुकडे विणले होते आणि विक्रम झाल्यावर ते सुटे करून गरजूंना दिले गेले. पण मी बघत राहिले तो विक्रमच. उलट, अंशु गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’चं काम मला पटे. शहरातल्या घरांत पडून असलेले कपडे गोळा करायचे, निवडायचे, नीट करायचे आणि जिथे गरज आहे तिथे पोचवायचे. कपाटं जुन्या स्वेटरांनी भरलेली असताना नवे विणायचे कशाला?

लखनौची थंडी मात्र मी गृहीत धरलेली नव्हती. पुण्यात पहाटे कितीही गारठा असला तरी अकराच्या उन्हात शाल खांद्यावरून खाली येते. इथे जानेवारीत काही दिवस सूर्य उगवला की नाही तेच कळत नाही. धुकं खाली उतरून बसतं, दुपारीही पारा १५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. पण गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच असला, की ते आपल्याला न सांगताच समजतं.

अशाच एका हिवाळ्यात आमच्या गोमतीनगरच्या सोसायटीतली कॉलेजची पोरं माझ्याकडे आली. ‘आंटीजी, हमें बुनना सिखा दीजिए.’ मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी टाके घातलेले होते, मुलगेही होते त्यांत. हेतू असा की सगळ्या सोसायटीने मिळून विणायचं आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांना द्यायचं. मी त्यांना माझं ठरलेलं उत्तर दिलं: पैसे जमवा, ब्लँकेटं घ्या. पोरांनी वाद घातला नाही. पैसे जमवले, ब्लँकेटं आणली आणि वाटायला निघताना मलाही गाडीत बसवलं.

एका मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर आम्ही उतरलो. गोंडा, बहराइच, सीतापूर, हरदोई, कुठून कुठून आलेले पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून पडलेले होते. आमच्याआधी दोन गाड्या येऊन गेलेल्या. मुख्य फाटकाजवळ, जिथे गाडी लावायला सोपं, तिथे एकेका माणसाच्या अंगावर दोन-दोन, तीन-तीन ब्लँकेटं. मागच्या गल्लीत, जिथे गाडी शिरत नाही, तिथे म्हातारं जोडपं एका पोत्यावर बसून होतं. ब्लँकेटं बहुतेक पानिपतची, करड्या रंगाची. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून त्यांचा पुन्हा धागा करतात आणि त्यातून ही स्वस्त पांघरुणं विणतात. मदतीची ब्लँकेटं देशभर जातात ती बरीचशी तिथूनच. स्वस्त आणि उबदार. माझा हिशेब तिथपर्यंत चुकलेला नव्हता.

तो डळमळला दुसऱ्या दिवशी सकाळी. उरलेली ब्लँकेटं घेऊन आम्ही आमच्याच भागातल्या लेबर अड्ड्यावर गेलो. धुक्यात साठ-सत्तर माणसं उभी होती. कोणी थापी घेऊन, कोणी रंगाचे ब्रश घेऊन, ठेकेदाराची वाट बघत. कडेला ई-रिक्षावाल्यांची रांग. एकाच्याही अंगावर ब्लँकेट नव्हतं. मी एका रिक्षावाल्यापुढे ब्लँकेट धरलं, तर तो हसला. ‘कंबल ओढ़ के हैंडल कैसे पकड़ें, माताजी?’ ब्लँकेट त्याच्याकडे होतं. ते खोलीवर होतं, आणि खोलीवर तो फक्त झोपायला जात होता. बाजूचा मजूर म्हणाला, कामावर नेलं तर ठेवायचं कुठे? एक तर चोरीला जातं, नाही तर सिमेंटने खराब होतं.

मी ज्या थंडीचा हिशेब करत होते ती झोपलेल्या माणसाची थंडी होती. ही उभ्या माणसाची, कामावरच्या माणसाची. तिला पांघरूण चालत नाही. तिला असं काही लागतं, जे घालून हात मोकळे राहतील आणि काम संपल्यावर खिशात मावेल. आमच्यातल्या कायदा शिकणाऱ्या मुलीने त्या रिक्षावाल्याला सरळ विचारलं, ‘भैया, फिर क्या चाहिए?’ त्याने तळहात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा पडून काळ्या झाल्या होत्या. मग कानाला हात लावला. एवढं सांगून तो सवारी घेऊन गेला.

त्यानंतर मी शिकवायला बसले. नवशिक्यांचा टाका सारखा पडत नाही हा माझा जुना आक्षेप होता. त्याचा तोडगा त्या रिक्षावाल्याच्या हातातच मिळाला. मनगटापासून पेरांपर्यंत हात झाकेल असा साधा चौकोनी तुकडा विणायचा, कडा शिवायच्या, अंगठ्यापुरती फट ठेवायची. बोटं उघडी राहतात, ब्रेक दाबता येतो, सुटे पैसे मोजता येतात. पहिल्या आठवड्यात शिकलेलं पोरही हे करू शकतं आणि एखादा टाका ढगळ पडला तरी बिघडत नाही. कानटोपीला दोन सुलट, दोन उलट अशी वीण घेतली, ती ताणली जाते आणि लहानमोठ्या डोक्याला बसते. टोपीला साठ-सत्तर ग्रॅम लोकर पुरते. म्हणजे घरोघरी उरलेले अर्धे गुंडेही कामी येतात. स्वेटर विणण्याच्या विचारात मी हे कधी बघितलंच नव्हतं.

मफलरवर आमची चर्चा झाली. पोरांना तो सोपा वाटत होता, पण मी तो बाद केला. बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही. अ‍ॅक्रिलिक पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. इथे चौकाचौकात अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटलेले असतात, माणसं त्यावर ओणवून हात शेकतात, आणि मफलरचं टोक नेमकं पुढे लोंबतं. टोपीला लोंबणारं टोक नसतं.

मग एका पोराच्या डॉक्टर मावशीकडून नवजात बाळांच्या टोप्यांची गोष्ट निघाली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. आईची ऊब बाळाला मिळते. बाळाच्या अंगावर असतात फक्त लंगोट, पायमोजे आणि टोपी. तिथे स्वेटर मध्ये येतो! लखनौला लागूनच असलेल्या रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढमध्ये या कामाचा मोठा अभ्यास झाला आहे. गावातल्या बायकांबरोबर बसून बाळाला छातीशी धरणं, लगेच पाजणं, स्वच्छता राखणं असं सगळं मिळून रुजवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाले. २००८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. टोपीने बाळं वाचली असं त्यात कोणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण त्या छातीवरच्या बाळाला जे दोन-तीन कपडे चालतात, त्यातला एक आपल्या सुईवर बसतो.

त्या मावशीच्या रुग्णालयातल्या सिस्टरने अटी घातल्या: गोंडा नको, बंद नको, टोचणारा धागा नको. टोपी धुऊन पाकिटात घालून द्यायची. एका बाळाची टोपी दुसऱ्याला घालायची नाही, ती त्याच्याबरोबर घरी जाणार. माप कसं घ्यायचं हा प्रश्न आला. दीड किलोच्या बाळाचं डोकं साधारण २८ सेंटिमीटर घेराचं असतं. पोरांनी फळवाल्याकडून त्या मापाची संत्री निवडून आणली. रविवारी बागेतल्या उन्हात इंजिनीअरिंगची मुलं संत्र्यांना टोप्या घालून बघताहेत आणि सैल झाली की मुकाट्याने उसवताहेत, हे बघून येणारेजाणारे हसायचे. पण उसवण्याची लाज वाटेनाशी झाली की विणणं आलंच.

माझे काही आक्षेप अजून तसेच आहेत. मोठ्या माणसासाठी नवा स्वेटर विणून देणं मला आजही पटत नाही. त्यासाठी जुने धुऊन, बटणं लावून द्यावेत. देणाऱ्याने घेणाऱ्याबरोबर फोटो काढू नये. आणि टोप्या वाटल्या म्हणून निवाऱ्याचा प्रश्न सुटला असं कोणी समजू नये. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा रैन बसेरा हवा. २०११च्या जनगणनेत लखनौ २८ लाखांचं होतं. म्हणजे त्या हिशेबाने २८ निवारे आणि २,८०० जागा, आणि शहर तेव्हापासून वाढतंच आहे. तो हिशेब महापालिकेला विचारत राहायचा असतो. कायदा शिकणारी आमची मुलगी तेही काम करते. एक काम केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

मात्र ‘विणण्यापेक्षा विकत घ्या’ हे मी आता सरसकट म्हणत नाही. विकत घेणाऱ्याला फक्त आकडा लागतो. विणणाऱ्याला माप लागतं, आणि मापासाठी माणसापर्यंत जावं लागतं. निदान ही पोरं तरी गेली. त्यांच्यामागून मी गेले.

आता कोणी विणकामाच्या उपक्रमासाठी बोलावलं, तर मी तीन प्रश्न विचारते. कोणासाठी आहे? ते घालून तो माणूस दिवसभर काय करणार आहे? त्याला विचारलंत का? उत्तरं मिळाली की सुया बाहेर काढते. नाही मिळाली, तर घरातले जुने स्वेटर धुऊन ‘गूंज’कडे द्यायला सांगते.