मागें बसणाराचें वजन

घरांत नवी वस्तु आली म्हणजे पहिले आठ दिवस तिचें कौतुक होतें व नवव्या दिवसापासून तिचे दोष निघूं लागतात. गेल्या विजयादशमीस आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें सातारच्या एका दुकानांतून नवी मोटारसायकल घरीं आणली, तेव्हां आमच्याहि घरीं हाच क्रम घडला. मुलाला नोकरी लागून पुरें वर्ष झालें नव्हतें. गाडी हप्त्यांवर घेतलेली. तरी भावजयीनें गाडीला कुंकू लावलें, चाकाखालीं लिंबू ठेवलें, नारळ फुटला आणि घरांतील लहानथोरांनीं आळीपाळीनें मागें बसून राजवाड्यापर्यंत एकेक फेरी मारली. आम्हीहि मारली. पुढें जी हकीकत सांगावयाची आहे ती या मागें बसण्यांतूनच उद्भवली.

गाडीच्या आवाजाविषयीं पहिली तक्रार, खरें बोलावयाचें तर, आमचीच होती. सकाळीं अंगणांत गाडी सुरू करून मुलानें पहिला गिअर टाकला कीं 'खट्' असा मोठा आवाज होई. आम्ही देवघरांत असूं. हातांतील पळी थांबे. "अरे, आंत कांहीं तरी मोडलें वाटतें," असें आम्हीं एके दिवशीं तेथूनच ओरडून सांगितलें. मुलानें बाहेरून येऊन शांतपणें खुलासा केला. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्यें दांतेरी चाकांच्या जोड्या एकमेकींत कायमच्याच अडकलेल्या असतात. पायानें गिअर टाकला म्हणजे एका चाकाच्या अंगावरील जाड खुंट्या शेजारच्या चाकाच्या खांचांत जाऊन बसतात आणि त्या जोडीकडून शक्ति पुढें जाऊं लागते. मोटारींत दोन्ही भागांचा वेग आधीं सारखा करून घेणारी योजना असते. मोटारसायकलींत ती बहुधा नसते. त्यांत सकाळीं ऑइल थंड व दाट असतें, क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटून राहतात, आणि क्लच दाबला तरी आंतला दांडा थोडा फिरतच राहतो. फिरत्या खांचेंत थांबलेली खुंटी शिरली म्हणजे खट् होणारच.

हा दोष नव्हे, ही यंत्राची रीत. इंजिन सुरू करून मिनिटभर थांबावें, क्लच पुरता दाबावा आणि पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच ऑइल घालावें, म्हणजे हा आवाज बेताचा राहतो. आमची समजूत पटली. मात्र त्याबरोबर आम्ही एक चुकीचा धडाहि शिकलों. तो असा कीं, नव्या गाडीचे आवाज हे नुसते आवाज असतात, त्यांत दोष म्हणून कांहीं नसतो.

पुढें गाडीची पहिली सर्व्हिस झाली. त्यानंतर चार-पांच दिवसांनीं रात्रीं जेवतांना मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही मागें बसलांत कीं गाडींतून एक बारीक, उंच आवाज येतो. मी एकटा असलों कीं येत नाहीं."

पंगतींत हंशा पिकला. आमचा देह अंमळ स्थूल आहे, हें घरांत सर्वांना ठाऊक आहे. "गाडीलाहि अण्णांचा धाक वाटतो," असें आमचे बंधु म्हणाले. आम्हीहि हंसलों, परंतु तें वरवर. मनांत थोडें लागलें. आम्हीं मुलाला विचारलें, "आम्ही गाडीवरच होतों ना? मग आम्हांला कसा ऐकूं आला नाहीं?" मुलगा गप्प बसला. चाळीस वर्षें वर्गांत उभे राहिल्यानें एवढें आम्हांस चांगलें साधलें आहे कीं, ज्याला उत्तर देतां येणार नाहीं असा प्रश्न विचारून समोरच्याला खालीं बसवितां येतें.

तो बिचारा दोनदां गाडी दुकानांत घेऊन गेला. दोन्ही वेळां तेथील माणसानें एकट्यानें गाडीवर बसून एक फेरी मारली आणि सांगितलें, "कांहीं नाहीं, गाडी नवी आहे. हजार किलोमीटर झाले कीं आवाज बसेल." ही साक्ष आमच्याच बाजूची होती. तिसऱ्यांदा त्यानें तोच विषय काढला तेव्हां आम्हीं सर्वांदेखत म्हटलें, "हप्ते जड वाटूं लागले म्हणून गाडींत खोड काढतोस काय?" हें वाक्य तोंडांतून गेलें आणि तें जावयास नको होतें असें त्याच क्षणीं वाटलें, परंतु वडीलपणाची एक रीत असते, गेलेला शब्द आम्हीं परत घेतला नाहीं. त्या दिवसापासून मुलगा आवाजाविषयीं बोलेनासा झाला. इतकेंच नव्हे, तर "अण्णा, पोवई नाक्यापर्यंत सोडूं का?" असें जें तो रोज विचारीत असे, तेंहि बंद झालें.

आमच्या या ठामपणाला एक आधार होता, तोहि सांगितला पाहिजे. १९७५ सालीं महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिच्या सातारच्या कारखान्यांतून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडूं लागली. आतां तेथें स्कूटर होत नाहीं. परंतु त्या काळीं गांवच्या कारखान्यांतील गाडी म्हणून सातारकरांस तिचा अभिमान असे. आम्हींहि ती पुष्कळ वर्षें चालविली. दुचाकींतलें आम्हांस कळतें, असा आमचा समज तिच्यामुळें झालेला. पण त्या स्कूटरचें इंजिन मागच्या चाकाच्या अंगालाच बसविलेलें असे आणि गिअरबॉक्समधून शक्ति थेट चाकाला मिळे. मध्यें चेन नाहींच. म्हणजे ज्या भागाविषयीं पुढें सारा प्रश्न निघाला, तो भाग आमच्या सबंध अनुभवांत कधीं आलेलाच नव्हता!

मार्गशीर्षांत सांगलीस आमच्या भगिनीच्या घरीं सत्यनारायण होता. मंडळी एस. टी. नें जाणार होती. आम्हीं मात्र जाहीर केलें कीं आम्ही मोटारसायकलवरून जाणार. या वयांत सव्वाशें किलोमीटरच्या आंतबाहेरचा प्रवास मागें बसून करणें शहाणपणाचें नव्हे, असें घरांतून सर्वांनीं सांगून पाहिलें. परंतु एवढा लांबचा प्रवास बिनतक्रार पार पडला म्हणजे आवाजाचा वाद कायमचा मिटेल, हा आमचा हेतु होता. मुलगा 'नको' म्हणाला नाहीं. 'बरें' म्हणाला, आणि आम्हांला हेल्मेट आणून दिलें.

उंब्रज गेलें, कऱ्हाड आलें. तेथें चहा घेतला. मुलगा कांहीं बोलला नाहीं, आम्हीहि विचारलें नाहीं. कऱ्हाड सोडल्यावर मात्र आमच्या डाव्या पायाला, तो ज्या दांडीवर टेंकला होता तिच्यांतून, बारीक मुंग्या आल्यासारखें जाणवूं लागलें. कानांना कांहीं नाहीं. पायाला मात्र स्पष्ट. हें त्याला सांगावयास हवें होतें. आम्हीं सांगितलें नाहीं.

पेठ नाक्यावर मुलानें गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलें आणि आमच्याकडे न पाहतां म्हणाला, "अण्णा, येथून तुम्ही एस. टी. नें या. आवाज वाढला आहे. तुम्हांला घेऊन पुढें जायला मला भीति वाटते."

ज्याला आम्हीं चारचौघांत खोटें पाडलें होतें, तो आमच्या जिवाची काळजी करीत होता. त्यानें आम्हांस सांगलीच्या गाडींत बसवून दिलें व आपण मागाहून एकटा, हळू वेगानें आला. आष्ट्यापर्यंत आम्ही एस. टी. च्या खिडकींतून मागें पाहत होतों.

दुसऱ्या दिवशीं पूजा आटोपल्यावर मेहुण्यांनीं आम्हां दोघांना वखारभागांतल्या त्यांच्या माहितीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेलें. गॅरेज लहान, पाटी नाहीं. सर्वजण विचारीत त्याप्रमाणें 'आवाज कुठून येतो' असें मिस्त्रींनीं विचारलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "कवा येतो?"

मुलानें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि सांगितलें, "पहिल्या सर्व्हिसनंतर सुरू झाला. हे मागें बसले कीं येतो. चाळीसच्या पुढें वाढतो."

मिस्त्री हंसले नाहींत. ते म्हणाले, "मग मास्तर, बसा मागं. गाडी रिकामी तपासून काय कळणार?"

आम्ही बसलों. मुलानें गल्लीबाहेरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी नेऊन आणली. मिस्त्रींनीं सांगितल्याप्रमाणें त्यानें वेगांत असतांना क्लच दाबून धरला. तरी आवाज चालूच राहिला. क्लच दाबल्यावर इंजिनाचा संबंध सुटतो. आवाज त्यानंतरहि चाकाच्या वेगाबरोबर चालू राहतो, तर त्याचें मूळ इंजिनांत नसून पुढें, चेनच्या किंवा चाकाच्या बाजूस असावें, असा त्यांनीं अर्थ सांगितला. मग आम्हां दोघांना गाडीवरच बसवून ठेवून त्यांनीं चेनवरच्या पत्र्याच्या झांकणाचें रबरी बूच काढलें व आंत बोट घालून चेन उचलून पाहिली. ती हालेना. आम्हांला उतरवून गाडी स्टँडवर चढविली, चाक फिरवून ठिकठिकाणीं पाहिलें. तेव्हां ती जेमतेम दहा मिलिमीटर हालली. पुस्तिकेंत पंचवीस सांगितले होते. पहिल्या सर्व्हिसच्या वेळीं कोणीं तरी ती फाजील ओढून ठेवली होती, आणि पत्र्याच्या आंत असल्यामुळें पुढें कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं.

आतां आमच्या वजनाचा संबंध काय? तो मिस्त्रींनीं जमिनीवर खडूनें आकृति काढून दाखविला. मागचें चाक ज्या दुबेळक्यांत बसतें त्याचा पुढचा सांधा एका जागीं असतो आणि चेन ओढणारें पुढचें दांतेरी चाक त्याच्या थोडें पुढें असतें. गाडी मोकळी असतां मागचें चाक किंचित् खालीं लोंबतें. वजन पडलें म्हणजे स्प्रिंगा दबतात, चाक वर सरकतें, आणि हे तिन्ही बिंदु एका रेषेंत येऊं लागतात. त्या वेळीं दोन्ही चाकांमधील अंतर सर्वांत जास्त होतें. चेन तेवढीच, अंतर मात्र वाढलेलें. म्हणूनच चेनला थोडी ढिलाई ठेवावी लागते. ती नसली म्हणजे चेन ताणाखालीं किंचाळते, गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दांड्याच्या बेअरिंगवर भार येतो. आणि असेंच चालविलें तर बेअरिंग जातें किंवा एके दिवशीं चेन तुटते. तुटलेली चेन चाकांत अडकली तर गाडी जागच्या जागीं पाडते.

हें ऐकतांना आम्हांला आमची शाळा आठवली. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहांतील अन्वय-व्यतिरेक आम्हीं मुलांना किती वेळां शिकविला असेल! जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, जसें सरोवर. 'तुम्ही बसलांत कीं आवाज येतो, मी एकटा असलों कीं येत नाहीं' या मुलाच्या वाक्यांत अन्वय होता आणि व्यतिरेकहि होता. पंगतींत आम्हांला तो ओळखतां आला नाहीं, कारण उदाहरणांत स्वयंपाकघराच्या जागीं आम्ही होतों!

राहिला आमचा प्रश्न, कीं आम्हांला तो आवाज कां ऐकूं आला नाहीं. त्याचें उत्तर फारसें सुखाचें नाहीं. वय वाढलें म्हणजे कानाला प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकूं येईनासे होतात, असें वैद्यकशास्त्र सांगतें. बोलणें ऐकूं येतें, म्हणून कान शाबूत आहेत असें माणूस समजतो. जें आम्हांला ऐकूं येत नाहीं तें नाहींच, असें आम्हीं धरून चाललों. आणि ज्याला ऐकूं येत होतें त्याच्या हेतूविषयीं शंका घेतली. संध्याकाळीं मेहुणे मिरजेच्या कारागिरांविषयीं सांगत होते. तंबोऱ्याची जवारी साधतांना ते तारा चढवून, छेडून, ऐकून पुन्हां घोडीला हात घालतात. ताण नसलेल्या तारेवरून कांहींच कळत नाहीं. गाडीला तोच न्याय लागू आहे, आणि घरांतल्या माणसांनाहि.

मिस्त्रींनीं चेन ढिली करून दिली. मग लांब पेचकसाचें टोंक गिअरबॉक्सला व मूठ कानाला लावून त्यांनीं पुष्कळ वेळ ऐकलें व सांगितलें, "बेअरिंग जरा बोलाया लागलंय. मुदतींत हाय तवर बदलून घ्या." सातारला आल्यावर आम्ही मुलाबरोबर दुकानांत गेलों, मागें बसूनच गेलों, आणि तपासणाराला सांगितलें कीं आम्हांला मागें घेऊन फेरी मारा. बेअरिंग मुदतीच्या आंत असल्यामुळें विनामूल्य बदलून मिळालें. ज्यांच्या घरीं नवी गाडी येईल त्यांनीं सर्व्हिसहून आल्यावर चेनची ढिलाई पुस्तिकेप्रमाणें आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें, आणि आवाज कधीं येतो, किती वेगाला, किती माणसें असतांना, हें कागदावर लिहून न्यावें. नुसतें 'आवाज येतो' म्हटल्यानें काम होत नाहीं.

सांगलीहून परततांना कऱ्हाडास आम्हीं गाडी थांबवावयास सांगितली व प्रीतिसंगमावर थोडा वेळ बसलों. आमच्या घरांत वडील माणसानें धाकट्यापाशीं चूक कबूल करण्याची वहिवाट नाहीं. तरी आम्हीं म्हटलें, "हप्त्यांविषयीं बोललों तें चुकलें."

मुलगा कृष्णेकडे पाहत राहिला. थोड्या वेळानें म्हणाला, "अण्णा, कऱ्हाडच्या पुढें तुमच्या पायाला जाणवलें होतें ना? तुम्ही पाय उचलून घेतला, तें मला कळलें होतें."

आम्ही 'हो' म्हटलें. मग तो उठला, गाडी सुरू केली आणि पुष्कळ दिवसांनीं त्यानें विचारलें, "बसतां ना, अण्णा?"