नफा नसलेल्या कंपनीचे मोल

इंटरनेट कंपनीच्या शेअरचे मोल ठरवताना नेहमीची मापे सुरुवातीलाच अडतात. हॉटेलातले जेवण घरपोच देणाऱ्या झोमॅटोचा आयपीओ जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आला, तेव्हा कंपनीचा २०२०-२१ चा तोटा ८१६ कोटी रुपये होता. नफाच नाही, तर पी-ई, म्हणजे भाव आणि नफा यांचे गुणोत्तर, काढायचे कशावरून? विक्रीच्या पटीत मोजावे, तर विक्री कोणती धरायची? ग्राहकाने बिर्याणीसाठी मोजलेल्या पैशातला मोठा भाग हॉटेलवाल्याचा असतो. कंपनीच्या वाट्याला कमिशन, डिलिव्हरीचे शुल्क आणि जाहिरातींचे पैसे येतात. ऑर्डरांची एकूण रक्कम हेच उत्पन्न समजले, तर पुढचा सगळा हिशेब फसतो.

मग उरते ती भविष्यात हाती येणाऱ्या रोख पैशाची मोजदाद. खरी अडचण इथे आहे. सुरुवातीची वर्षे तोट्याची असल्याने बहुतेक सगळे मूल्य दूरच्या वर्षांत साठलेले असते. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये १२ टक्के दराने आजचे ३२ होतात, १० टक्क्यांनी ३९. नुसत्या दराने एवढा फरक पडतो. बाजारपेठ किती वाढेल, तिच्यातला वाटा किती आणि त्यावर नफा किती सुटेल, हे अंदाज अजून बाकीच असतात.

न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांनी आयपीओच्या वेळी आपली गृहीतके उघड मांडून झोमॅटोच्या शेअरचे मूल्य सुमारे ४१ रुपये काढले. पहिल्याच दिवशी भाव ११५ वर उघडला. वर्षभराने जुन्या भागधारकांचा लॉक-इन, म्हणजे शेअर विकण्यावरची मुदतीची बंदी, संपताच भाव चाळिशीत उतरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ३०० च्या घरात गेला. त्यावरून ४१ हा आकडा आधी बरोबर आणि मग चूक ठरला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. मधे, २०२२ मध्ये, कंपनीने ब्लिंकिट विकत घेतली आणि झटपट किराणा पोचवण्याच्या व्यवसायात उतरली. ज्या व्यवसायाचे मोल केले होते, तोच बदलला. गृहीतके लिहून ठेवलेली असली, तरच नेमका कोणता अंदाज हलला हे शोधता येते.

एक खर्च मात्र हमखास नजरेआड होतो. कर्मचाऱ्यांना दिलेले ईसॉप, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, हा पगारच. तरी 'समायोजित' नफा दाखवताना अनेक कंपन्या तो वगळतात. तो खर्च धरलाच पाहिजे. शिवाय आधी वाटलेल्या, अजून न वापरलेल्या ईसॉपचे मूल्य एकूण मूल्यातून वजा करावे, आणि मगच शेअरांच्या संख्येने भागावे.