आजार आईचा, निर्णयही तिचाच

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला एक वाक्य वरचेवर ऐकावं लागतं. आई बाहेर बाकावर बसलेली असते. मुलगा, कधी मुलगी, रिपोर्ट घेऊन आधी आत येतो, दार लोटून घेतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टर, तिला एवढ्यात काही सांगू नका. खचून जाईल ती." बोलणाऱ्याचे डोळे भरलेले असतात आणि त्यामागचं प्रेम खरं असतं. तरीही मी दर वेळी आईला आत बोलवायला सांगते. आजार तिचा आहे. त्याची माहिती मिळण्याचा पहिला हक्क तिचा आणि निर्णयही तिचा. मुलांचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते मोठं काम आहे.

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं लवकर, पन्नाशीच्या आगेमागे गाठतो. त्यामुळे माझ्यासमोर बसणारी मुलं बहुतेकदा विशी-तिशीतली असतात. कुणाची पहिली नोकरी, कुणाची शेवटच्या वर्षाची परीक्षा, कुणाचं लग्न तोंडावर आलेलं. आपल्या तापात उशाशी बसणारी आई स्वतःच रुग्ण झाली आहे, हे त्यांच्या पचनी पडत नाही. तिच्याही पडत नाही. केमोची तारीख सांगितली की ती आधी विचारते, "मग त्या दिवशी घरी स्वयंपाकाचं काय?"

तिच्यापासून लपवणं साधतही नाही. शेजारच्या खाटेवरची बाई सगळं सांगते, आणि पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. आईला कळलेलंच असतं. मुलांना त्रास नको म्हणून ती न कळल्यासारखं वागते. एकाच घरात सगळे एकमेकांपासून लपून रडतात. कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. मुलगी भुलीखाली असताना तिच्या वाढीव शस्त्रक्रियेला आईने संमती दिली होती. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाऐवजी दुसऱ्या कुणी दिलेली संमती चालत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आईऐवजी मुलांनी केलेल्या सहीलाही तोच न्याय लागू आहे.

सांगायचं म्हणजे एका बैठकीत सगळं ओतायचं असं नव्हे. तिला विचारावं, "आई, तुला किती जाणून घ्यायचंय?" काही बायका बारीकसारीक विचारतात. काही म्हणतात, "तूच बघ, मला फक्त काय करायचं ते सांग." हाही तिचाच निर्णय, आणि तो मानायचा असतो. मात्र तो तिच्या तोंडून यायला हवा.

स्तन ठेवायचा की काढायचा, या प्रश्नाच्या वेळी मुलांची खरी परीक्षा असते. मुलं पटकन म्हणतात, "आता या वयात काय करायचंय ठेवून, सगळं काढून टाका." पण इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी दाखवून दिलं की गाठ लहान असेल तर फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून नंतर रेडिएशन दिलं, तरी पूर्ण स्तन काढण्याइतकंच आयुष्य मिळतं. गाठ मोठी असेल तर अनेकदा आधी केमो देऊन ती लहान करता येते. प्रत्येकीला हे शक्य नसतं. ज्यांना शक्य असतं, त्यांतली एखादी साठीची बाई मुलांसमोर गप्प बसते आणि त्यांना बाहेर पाठवलं की मला विचारते, "नाही काढला तर चालेल का हो?" दुसरी तितक्याच ठामपणे म्हणते, "काढा, मला पुन्हा धाकधूक नको." दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मुलांनी तिच्या मनातला प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा, त्याचं उत्तर स्वतः देऊन टाकू नये.

यासाठी घाईही करू नये. तपासणीसाठी सुईने गाठीचा तुकडा काढल्यावर आजार पसरतो ही भीती निराधार आहे. त्या तुकड्यावरच ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात आणि उपचारांची दिशा त्यांवर ठरते. त्यांचे निकाल येईपर्यंतचे काही दिवस वाया जात नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर तेही याच दिवसांत घ्यावं. घरातल्या एकाने फाइल सांभाळावी. कागद तारखेनुसार लावावेत, एका वहीत आईचे प्रश्न लिहावेत आणि उत्तरंही तिथेच टिपून घ्यावीत. अमेरिकेत किंवा बंगळुरूत असलेली मुलंही हे काम फोनवरून उत्तम करतात.

केमोच्या दिवसांत मात्र घरात माणूस लागतं. लाल रंगाचं औषध दिल्यावर दिवसभर लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. घाबरायचं ते तापाला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावं. या एका नियमाने जीव वाचतात. म्हणून थर्मामीटर आणि रुग्णालयाचा रात्रीचा नंबर उशाशी असावा.

खाण्याबाबत नातेवाइकांकडून इतके सल्ले येतात की आई जेवायलाच भिते. दूध बंद, साखर बंद, अंडं बंद असं करून ती अशक्त होते. तिला डाळ, अंडी, दही, मासे, जे रुचेल आणि टिकेल ते थोडं थोडं द्यावं. कुणी आणून दिलेला काढा किंवा भस्म डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. आणि हा आजार स्पर्शाने होत नाही, हे नातवंडांना तिच्या मांडीवर बसवून सगळ्यांना दाखवून द्यावं.

शस्त्रक्रियेनंतर खांद्याचे व्यायाम रोज व्हायला हवेत. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढत जायचा व्यायाम मुलीने शेजारी उभं राहून करून घेतला तर आई टाळत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात जड वाटू लागला किंवा बांगडी घट्ट व्हायला लागली, तर सूज वाढण्याआधी दाखवावं. पहिल्यांदा आरशात पाहताना कोण सोबत हवं, की कुणीच नको, हे तिला विचारावं. वडिलांना यातून वगळू नये. अनेक घरांत मुलं सगळं हाती घेतात आणि वडील दिवाणखान्यात नुसते बसून राहतात. त्यांना काम द्यावं.

खर्चाचं बोलणं पहिल्याच आठवड्यात व्हावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटावं. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन हे मोठे आधार आहेत.

उपचार संपले की घर पूर्वपदावर येतं, आणि नेमक्या त्याच वेळी एक महत्त्वाची गोष्ट निसटते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षं घ्यायची असते. पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने पहिल्या पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. तरीही सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात म्हणून बायका गोळी मध्येच, कुणाला न सांगता बंद करतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही "आई, गोळी घेतेस ना? त्रास होतोय का?" असं विचारणारं मूल तिचं आयुष्य वाढवत असतं. त्रास असेल तर त्यावर उपाय असतात.

आशेला आधार आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. आजार लवकरच्या टप्प्यात होता. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भुलीचं साधं, स्वस्त इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनी १०० पैकी ९० स्त्रिया हयात होत्या; न दिलेल्या गटातही ८६. या आपल्याच देशातल्या बायका आहेत. काही घरांत मात्र आजार हाडांत किंवा यकृतात पोहोचलेला असतो. तिथेही औषधांनी वर्षं मिळू शकतात, आणि वेदनेवर मॉर्फिनसारखी परिणामकारक औषधं आहेत. तेव्हा तिला काय करायचं राहिलंय हे विचारणं आणि ते घडवून आणणं, ही मुलांची सर्वांत मोठी सेवा.

मुलींच्या मनातला "मलाही होईल का?" हा प्रश्न मी न विचारताच ओळखते. हा आजार १०० पैकी साधारण ५ ते १० जणींतच आनुवंशिक असतो. तसा दोषी जनुक आईत सापडला, तर प्रत्येक अपत्यात, मुलग्यांतही, तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आईला कमी वयात आजार झाला असेल किंवा घरात आणखी कुणाला स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल विचारावं.

घरात असा वारसा नसला तरी आजार लवकर सापडायला हवा, आणि त्यासाठी डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविकेने नुसत्या हातांनी केलेली तपासणीही उपयोगाची असते. मुंबईतल्या दीड लाख स्त्रियांचा १९९८ पासून वीस वर्षं अभ्यास झाला. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं.

दिवाळीला तुम्ही घरी असाल. आई, मावशी, आत्या, काकू एकत्र असतील. बायका गाठ अंगावर काढतात, कारण ती बहुधा दुखत नाही आणि कुणी विचारत नाही. या वेळी तुम्ही विचारा. कुणी "आहे खरी एक गाठ, पण दुखत नाही" असं म्हणाली, तर सुट्टी संपून परत निघण्याआधी तिला डॉक्टरकडे घेऊन जा.