खाल्ल्या मिठाला

नाईक यशवंत घाडगे देशासाठी धारातीर्थी पडले, असे म्हणताना माझ्या मनात एक अढी पडते, आणि ती उकलण्याचा प्रयत्न करावा तों अधिकच घट्ट बसते. आमच्याच जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याच्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा जवान पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनबरोबर इटलीत लढत होता. १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील एका चढाईत, तुकडीतील सारे साथीदार मशिनगनच्या माऱ्याने मृत वा घायाळ झाले असता, तो एकटाच त्या ठाण्यावर चालून गेला. हातबॉम्ब फेकून त्याने ती मशिनगन बंद पाडली, टॉमीगनने एकास टिपले, आणि काडतुसे भरण्यास अवसर नाही असे दिसताच तिची नळी मुठीत धरून दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तो तेथेच कोसळला. ब्रिटिश सरकारने त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

त्याच सरकारच्या पोलिसांनी दीड वर्षापूर्वी, २ जानेवारी १९४३ रोजी, आमच्या कर्जत तालुक्यातील माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना सिद्धगडाच्या रानात गोळ्या घालून मारले होते. भाई कोतवालांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडीत होता, तो ज्या राज्ययंत्राचा वीजपुरवठा तोडण्यासाठी, त्याच राज्ययंत्राच्या फौजेत राहून यशवंताने प्राण वेचले. दोघांनाही आपण वीर म्हणतो, आणि ते म्हणणे मला अंतःकरणापासून मान्य आहे; मात्र ही दोन्ही मरणे एकाच देशाच्या खात्यावर कशी जमा करावी, हे मला उमगत नाही.

जुन्या माणसांपाशी याचे उत्तर तयार असे. शिपाई खाल्ल्या मिठाला जागला, असे ते म्हणत, आणि तेवढ्यावर त्यांचे समाधान होई.

माझ्या आजीच्या लेखी मीठ हा जिन्नस इतर जिन्नसांसारखा नव्हताच. चिनी मातीच्या बरणीतील जाड्या मिठाला आषाढात पाणी सुटे, तेव्हा ती ते ताटलीत पसरून चुलीच्या उबेला ठेवी. एखादा खडा जमिनीवर पडला, तर मेल्यावर तो पापण्यांनी वेचावा लागेल अशी तंबी देई. आणि मीठ कोणाच्या हातात म्हणून देत नसे, खाली ठेवी आणि मग समोरच्याने उचलावे. या साऱ्यामागे मीठ म्हणजे ऋण, आणि ऋण म्हणजे जन्मांतरीची बांधिलकी, अशी तिची दृढ श्रद्धा होती. पण ते ऋण नेमके कोणाचे, हे तिला विचारण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

कारण मीठ काही सरकार पिकवीत नव्हते. ते पेण-उरणच्या खाजणांत आगरी माणसे पिकवीत. भरतीचे पाणी वाफ्यांत कोंडून, ते उन्हात आटवून, खाऱ्या चिखलाने भेगाळलेल्या पायांनी रास ओढून, पावसाच्या आत ती झाकून ठेवीत. तेथून ते बैलांच्या पाठीवरून खालापुराच्या मुलखातून खोपोलीपर्यंत येई, बोरघाट चढे आणि देशावर जाई. सरकार त्यावर केवळ कर घेई, आणि त्या करातून, शेतसाऱ्यातून, जकातीतून फौजेचा पगार निघे. मग पळसगावच्या पोराने खाल्ले ते मीठ बादशहाचे कसे? ते येथल्याच रयतेचे होते. बादशहाच उलट तिच्या मिठावर जगत होता. असे पाहिले तर यशवंत आणि भाई एकाच मिठाला जागले, आणि माझी अढी सुटली असे मला क्षणभर वाटते.

पण हा हिशेब फार सरळ बसतो, आणि म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही. त्या चढावर साथीदार पडत असता रयतेचा महसूल कोणाच्या ध्यानी येणार? १९४१ साली इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर चढताना याच पलटणीने ‘शिवाजी महाराज की जय’ अशी गर्जना केली होती. शपथ एका राजाची आणि कंठात नाव दुसऱ्या राजाचे. ही विसंगती त्यांना कधी जाणवली का, की त्यांच्या लेखी ती विसंगती नव्हतीच?

आणि शिवाजी महाराजांचे नाव निघाले की मला खालापूर तालुक्यातील चौक आठवते, जे नेताजी पालकरांचे जन्मगाव मानले जाते. सरनौबतपद भोगलेला हा पुरुष मोगलांकडे गेला, पुढे औरंगजेबाच्या कैदेत पडून मुहम्मद कुलीखान झाला, आणि कित्येक वर्षे काबूलच्या बाजूला परक्याची चाकरी करीत राहिला. १६७६ साली तो परत आला, तेव्हा महाराजांनी त्याला शुद्ध करून घेतले. त्या वर्षांतील मिठाचे ऋण कोणी फेडावे, हा प्रश्न महाराजांनी महत्त्वाचा मानला नसावा असे दिसते. मात्र त्यांनी तो क्षमेने सोडविला की तो प्रश्नच खोटा ठरविला, हे मला कळत नाही.

इटलीतील मोंतोने गावात २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली गेली, आणि सर्व माणसे एकाच सूर्याखाली नांदतात असा आशय तिच्यावर कोरला आहे. तो उदात्त आहे, पण माझ्या प्रश्नाला तो पुरत नाही, कारण सूर्य कोणाकडे इमान मागत नाही. देश मागतो. आज आपल्या फौजेतील जवान संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून लेबनॉनमध्ये उभा राहतो, तेव्हा तोही देशासाठीच उभा आहे असे आपण म्हणतो, आणि तेथे निदान त्याला पाठविणारे सरकार त्याचे स्वतःचे असते. यशवंताला तेवढाही आधार नव्हता. माणसाची निष्ठा आधी जन्मते आणि देश तिला मागाहून लाभतो, की देशावाचून ती निष्ठा केवळ शौर्य म्हणून उरते? हे लिहावयास बसलो तेव्हा पहिला पक्ष मला खरा वाटत होता. आता तसे ठामपणे म्हणवत नाही.