बुजलेला घोडा

मागच्या दिवाळीच्या सुटीत माथेरानला गेलो होतो. पावसाळा डोंगराखाली काढून कामावर परतलेला एक तरणा घोडा दस्तुरी नाक्यावर मिनीगाडीच्या शिटीने बुजला.

“चाबूक नाही का तुमच्याजवळ?” मी विचारले.

“मास्तर दिसता!” म्हातारा घोडेवाला हसला.

घोड्याला नेमके कपाळासमोरचे दिसत नाही. म्हणून म्हातारा त्याच्या खांद्याशी उभा राहिला, मानेवर हात ठेवून. मग जुनी घोडी पुढे काढली. तिच्यामागे दहा पावले, आणि परत. “आज एवढंच. भ्याला नाही तिथंच थांबायचं.”

वाचताना अडखळतो म्हणून ज्याला मी बाकावर उभे केले होते, तो पोरगा आठवला. सुटीनंतर त्याच्याकडून एकच ओळ वाचून घेतली. समोरून नव्हे, शेजारी उभा राहून. ओळ अडखळतच संपली.

“आज एवढंच,” मी म्हणालो.