डोंगरवाट, चिखल आणि चहा

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेले, की डोंगराच्या कुशीत फेअरफॅक्स हे टुमदार गाव लागते. मागच्या डोंगरात ‘रीपॅक’ची मातीची वाट आहे. १९७६ साली तिच्यावर सायकलशर्यती सुरू झाल्या. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई. ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही जवळजवळ एकटीच स्त्री. तेव्हाची कितीतरी छायाचित्रे तिनेच टिपलेली.

मग आली जॅकी फेलन. १९८३ ते १९८५, सलग तीन वर्षे डोंगरी सायकलिंगची राष्ट्रीय विजेती. मला मात्र तिचे दुसरे काम मोठे वाटते. तिने खास बायकांचे मंडळ काढले. नाव, ‘विमेन्स माउंटन बाइक अँड टी सोसायटी’! (चहा आला म्हणजे मंडळ आपलेच की!) पुरुषांच्या मागे धापा टाकण्यापेक्षा बाईनेच बाईला शिकवायचे. उतारावर अंग सीटच्या मागे न्यायचे, पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही आणि नजर दगडावर नव्हे, वाटेवर ठेवायची. दगडाकडे बघत राहिले, की चाक नेमके तिकडेच जाते!