शक्ती मिळाल्यावर पुढे काय?

चांगला विज्ञानपट कोणता आणि वाईट कोणता, या वादात माझी बाजू बरीच वर्षं ठरलेली होती. ज्याचं विज्ञान चुकत नाही, तो चांगला. ती बाजू मी आता सोडली आहे. मुक्ताईनगरात ज्या मित्रांशी आणि विद्यार्थ्यांशी मी यावरून तावातावाने वाद घातले, त्यांना त्याचं कारण सांगायला हवं.

माझी फूटपट्टी घडली ती डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांवर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. त्यांची कल्पना कितीही उंच उडाली तरी विज्ञानाचे नियम सांभाळून उडते. तीच अट मी सिनेमाला लावली. कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) पहिला, कारण त्यातलं अवकाश निःशब्द आहे, जिथे हवाच नाही तिथे आवाज कुठून येणार? ‘ग्रॅव्हिटी’चे (२०१३) गुण कापले. हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांनी कललेली, अवकाश स्थानकाची ५१.६ अंशांनी, एकीकडून दुसरीकडे असं तरंगत जाता येत नाही. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) तर बादच. प्रकाश ज्याच्या आरपार जातो, त्याच्या डोळ्यांत प्रतिमा उमटणार कशी? अदृश्य माणूस आंधळाच असणार.

यातलं एकही विधान मी आज मागे घेत नाही. मी त्यांना देत होतो ते वजन मात्र बदललं आहे.

पहिला धक्का दिला आरती कडव यांच्या ‘कार्गो’ने (२०१९). पुष्पक नावाचं यान आणि त्यावर प्रहस्त नावाचा राक्षस. मेलेली माणसं तिथे येतात, त्यांच्या आठवणी पुसल्या जातात आणि ती पुढच्या जन्माला रवाना होतात. माझ्या फूटपट्टीवर याला शून्य गुण. तरीही सिनेमा संपल्यावर प्रश्न सुटेना: आठवणी पुसलेला माणूस तोच उरतो का? आणि वर्षानुवर्षं एकट्याने हे काम करणाऱ्याचं काय होतं? मग ‘इंटरस्टेलर’ (२०१४) आठवला. त्यातल्या कृष्णविवरामागे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांची समीकरणं होती, म्हणून मी तो डोक्यावर घेतला होता. पण मनात टिकलं होतं ते दुसरंच. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथून यानात परतलेला बाप आपल्या मुलांचं निम्मं आयुष्य पडद्यावर सरताना बघतो आणि रडतो. गणित बरोबर होतं म्हणून तो प्रसंग घडू शकला. तो मोठा झाला बापामुळे.

दुसरा धक्का आमच्या मातीतला. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ चांगदेवाचं देऊळ आहे, कोथळीला मुक्ताईचं. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेला चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसतो, मायना काय लिहावा ते न सुचून कोरा कागद पाठवतो आणि लहानगी मुक्ताबाई म्हणते, एवढं जगूनही हा कोराच राहिला. ही कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. वर्गात एकदा मी समजावत होतो की शरीरातल्या पेशी इतकी वर्षं टिकूच शकत नाहीत. एक मुलगी उठून म्हणाली, “सर, पण मुक्ताई ते विचारतच नाहीये. ती विचारतेय, एवढं जगून केलं काय?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अचाट शक्ती शक्य आहे का, एवढंच मी आजवर प्रत्येक सिनेमाला विचारत आलो होतो. ती मिळाल्यावर माणसाचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

आता यादी वेगळी लागते. ‘आर्मागेडन’ (१९९८) तेव्हाही तळाला होता, आजही आहे. टेक्सासएवढा लघुग्रह एका अणुबाँबने दुभंगत नाही, हे खरंच. पण मोठा दोष हा, की लघुग्रहाच्या जागी पेटलेली तेलविहीर ठेवली तरी ती माणसं तशीच वागतील. ‘कोई... मिल गया’बद्दल (२००३) मला हळहळ वाटते. जादू हा परग्रहवासी निघून जातो, त्याने रोहितला दिलेली शक्ती जाते, आणि मंदगतीने शिकणाऱ्या या मुलाला आपण आहे तसा स्वीकारणार का, हा खरा प्रश्न उभा राहतो. तेवढ्यात शक्ती परत येते आणि सिनेमा उत्तर द्यायचं टाळतो. ‘मिस्टर इंडिया’ मात्र वर चढला. अदृश्य होण्याचं यंत्र एका साध्या, कफल्लक माणसाच्या हाती आलं तर तो ते कुणासाठी वापरेल, हे तो सांगतो.

पडद्यावरच्या गरिबीलाही मी आता नाकं मुरडत नाही. मालेगावात नासिर शेख यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या शफीक शेख यांना आपल्या सिनेमात सुपरमॅन केलं. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाने ती धडपड जगाला दाखवली. त्या सिनेमातलं उडणं जुजबी आहे. पण क्रिप्टनचा बलदंड नायक हडकुळ्या अंगाने मागांच्या गावात उतरतो, तेव्हा या गावाला कोणती शक्ती हवी आहे, हा विचार आपोआप येतो.

मग आता काहीही चालेल का? नाही. कथेने स्वतः घातलेला नियम शेवटपर्यंत पाळलाच पाहिजे. नारळीकरांची ती शिस्त मी सोडलेली नाही. ‘२००१’ आजही माझा पहिलाच, पण त्यातल्या शांततेसाठी नव्हे. माणसांना मारणारा हाल हा संगणक आपली स्मृती विझत असताना भीती वाटते म्हणतो, आणि त्याची दया यावी की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठीत ‘फुंतरू’सारखे (२०१६) मोजकेच प्रयत्न झाले. पैसा नाही, हे कारण मला आता पटत नाही. यान पुठ्ठ्याचं असलं तरी चालेल, त्यात बसलेल्या माणसाचा पेच खरा हवा. असा मराठी सिनेमा कुणी केला, तर कक्षांचे अंश न मोजता मी पहिल्याच दिवशी भुसावळला जाऊन तो बघेन, आणि वर्गातल्या मुलांनाही बघायला सांगेन.